कार्दियाचा हिरोनिमस : ग्रंथ हरवलेल्या इतिहासकाराचे चरित्र कसे लिहावे?

अलेक्झांडरच्या मृत्यूनंतरच्या धामधुमीचा इतिहास लिहिणाऱ्या कार्दियाच्या हिरोनिमसवर आपण मराठीत चरित्रलेख लिहायला घेतला आहे आणि चार ठिकाणी अडला आहात. त्याच्या जन्ममृत्यूची साले प्रत्येक पुस्तकात वेगळी दिसतात. तो १०४ वर्षे जगला या विधानावर विश्वास ठेवावा की नाही, हे ठरत नाही. राजांच्या आश्रयाला राहिलेल्या या माणसाला पक्षपाती म्हणावे का, असा प्रश्न पडतो. आणि इराणमधील एका लढाईनंतर भारतीय सेनानीची पत्नी सती गेल्याचे जे वर्णन त्याच्या नावावर सांगितले जाते, ते खरोखर त्याचे आहे का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

हे चार प्रश्न वेगवेगळे दिसत असले तरी त्यांच्या मुळाशी एकच अडचण आहे. हिरोनिमसचा ग्रंथ आज उपलब्ध नाही. त्याचे एक सलग पानही आपल्यापर्यंत पोहोचलेले नाही. इतर प्राचीन लेखकांनी त्याचे नाव घेऊन दिलेले उल्लेख फेलिक्स याकोबी या जर्मन अभ्यासकाने आपल्या संग्रहात १५४ या क्रमांकाखाली एकत्र केले आहेत आणि ते काही पानांत मावतात. तरीही त्याच्याविषयी मोठमोठी विवेचने लिहिली जातात, कारण सिसिलीच्या डायोडोरसने इ.स.पू. पहिल्या शतकात लिहिलेल्या इतिहासाची अठरा ते वीस ही पुस्तके मुख्यतः हिरोनिमसच्या आधारे रचलेली आहेत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ते मत मलाही पटते. मात्र ते अनुमान आहे, आणि आपल्या लेखात ते अनुमान म्हणूनच आले पाहिजे. डायोडोरस या पुस्तकांत हिरोनिमसचे नाव चार प्रसंगी घेतो आणि चारही वेळा घटनेतील एक व्यक्ती म्हणून घेतो. ‘हे मी त्याच्या ग्रंथातून घेतले’ असे तो एकदाही म्हणत नाही.

मेगॅस्थिनीसचे उदाहरण भारतीय वाचकाला जवळचे आहे. त्याची ‘इंडिका’ही हरवली आहे आणि डायोडोरस, स्ट्रॅबो व एरियन यांच्या उताऱ्यांतूनच आपण तिला ओळखतो. फरक असा की एरियन आणि स्ट्रॅबो मेगॅस्थिनीसचे नाव घेऊन बोलतात, त्यामुळे तिथे पाय ठेवायला जमीन आहे. हिरोनिमसच्या बाबतीत ती जमीन फार अरुंद आहे. म्हणून विद्यार्थ्यांना हा विषय शिकवताना मी पहिल्यांदा दोन याद्या करायला लावतो. पहिल्या यादीत प्राचीन लेखकाने हिरोनिमसचे नाव घेऊन सांगितलेली गोष्टच येते आणि दुसऱ्या यादीत नाव नसताना त्याच्याकडून आली असावी असे वाटणारी प्रत्येक गोष्ट, तसे वाटण्याच्या कारणासह. चरित्राचा सांगाडा पहिल्या यादीवर उभा करावा आणि दुसरी यादी त्यानंतर, जपून वापरावी.

पहिल्या यादीतून मिळणारा सांगाडा चांगला भक्कम आहे. कार्दिया हे थ्रेसच्या खेरसोनिसवरचे, म्हणजे आजच्या गॅलिपोली द्वीपकल्पावरचे ग्रीक नगर. फिलिप आणि अलेक्झांडर या दोन्ही राजांचा चिटणीस राहिलेला युमेनीस याच गावचा, आणि हिरोनिमसच्या सार्वजनिक आयुष्याची सुरुवात आपल्याला दिसते ती या गावकऱ्याच्या छायेत. इ.स.पू. ३२३ मध्ये अलेक्झांडर वारल्यानंतर त्याच्या सेनानींमध्ये सत्तेची झुंज सुरू झाली. त्या झुंजीत पराभूत झालेला युमेनीस कॅपाडोशियाच्या सीमेवरील नोरा नावाच्या लहानशा किल्ल्यात सुमारे सहाशे माणसांनिशी अडकला आणि अलेक्झांडरचाच दुसरा सेनानी अँटिगोनस याने त्याला वेढा घातला. किल्ल्यात धान्य, लाकूडफाटा आणि मीठ यांचा साठा होता, पण घोड्यांना फिरवायला जागा नव्हती, म्हणून युमेनीसने त्यांचे पुढचे पाय दोरांनी उचलून धरून जागच्या जागी त्यांच्याकडून कसरत करवून घेण्याची युक्ती काढली. याच वेढ्याच्या वेळी त्याने हिरोनिमसला मॅसिडोनियाचा कारभारी अँटिपेटर याच्याकडे वकील म्हणून बोलणी करायला पाठवले.

पुढे इ.स.पू. ३१९ मध्ये अँटिपेटर मरण पावला आणि सगळा पट बदलला. आता अँटिगोनसला युमेनीसशी तडजोड हवी होती. डायोडोरस सांगतो की त्याने हिरोनिमसला बोलावून घेतले, भरघोस भेटी देऊन आपलेसे केले आणि आपला वकील म्हणून युमेनीसकडे परत पाठवले. या प्रसंगावर मी आपल्याला थोडे थांबायला सांगेन. एकाच वेढ्यात हा माणूस आधी आतल्यांचा आणि नंतर बाहेरच्यांचा निरोप घेऊन गेला, आणि तरीही युमेनीसचा त्याच्यावरचा विश्वास उडाल्याचे दिसत नाही. दोन्ही बाजूंना चालणारा मध्यस्थ हीच त्याची त्या काळातली ओळख होती. त्याच्या इतिहासात दोन्ही छावण्यांच्या आतल्या गोष्टी कशा आल्या असाव्यात, याचे उत्तरही बऱ्याच अंशी इथेच मिळते.

युमेनीस नोरातून सुटला, पूर्वेकडे सरकला आणि पुन्हा अँटिगोनससमोर उभा राहिला. आजच्या इस्फहानच्या परिसरातील पारायटाकेने येथे आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात गाबिएने येथे दोघांच्या लढाया झाल्या. या घटनांच्या सालांत पुस्तकागणिक एका वर्षाचा फरक दिसेल, कारण या कालखंडाच्या दोन कालगणना प्रचलित आहेत आणि डायोडोरसने वर्षे लावताना केलेल्या घोळामुळे तो वाद अजून पूर्ण मिटलेला नाही. आपण एक कालगणना निवडावी, ते एकदा वाचकाला सांगावे आणि लेखभर तीच पाळावी. मी इ.स.पू. ३१७ आणि ३१६ ही साले वापरतो.

गाबिएनेच्या लढाईत शत्रूच्या हाती पडलेले आपले सामानसुमान आणि बायकामुले परत मिळवण्यासाठी युमेनीसच्या सैन्यातील ‘रुपेरी ढाली’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या मॅसिडोनियन सैनिकांनी त्यालाच अँटिगोनसच्या स्वाधीन केले आणि अँटिगोनसने त्याला ठार करवले. जखमी कैद्यांमध्ये हिरोनिमस होता. डायोडोरसच्या शब्दांचा आशय असा की, तोवर युमेनीसच्या मर्जीत असलेल्या या माणसाला त्याच्या मृत्यूनंतर अँटिगोनसकडे माया आणि विश्वास मिळाला. आपला गावकरी आणि आश्रयदाता ज्याने मारला, त्याच्याच चाकरीत तो गेला. आजच्या वाचकाला हे खटकेल, आणि लेखात ते झाकू नये. पण त्या पिढीत पराभूत सेनानीची माणसे विजेत्याकडे जाणे हा नित्याचा व्यवहार होता आणि नोराच्या वाटाघाटींपासून अँटिगोनस या माणसाला ओळखत होता, हेही त्याच वाक्याच्या शेजारी आले पाहिजे.

अँटिगोनसच्या सेवेतील सर्वांत ठळक प्रसंग इ.स.पू. ३१२ च्या सुमाराचा आहे. मृत समुद्राच्या पृष्ठभागावर नैसर्गिक डांबराचे मोठाले गोळे तरंगत येत, आसपासचे लोक ते तोडून इजिप्तला विकत आणि तिथे मृतदेह टिकवण्यासाठी त्याचा उपयोग होई. हे उत्पन्न ताब्यात घेण्यासाठी अँटिगोनसने हिरोनिमसला नेमले आणि होड्या बांधून डांबर गोळा करायला सांगितले. पण सुमारे सहा हजार अरबांनी लव्हाळ्यांच्या तराफ्यांवरून येऊन होड्यांतील जवळजवळ सगळ्यांना बाणांनी टिपले आणि अँटिगोनसने तो नाद सोडून दिला. मोहिमेचा प्रमुख मात्र वाचला.

हाच प्रसंग साधनांची पारख कशी करावी हे शिकवायला उत्तम आहे. इ.स. पहिल्या शतकातील ज्यू इतिहासकार जोसेफस याची तक्रार आहे की, हिरोनिमस सीरियाचा कारभार पाहत होता, जवळजवळ आमच्या प्रदेशातच राहिला होता, तरी त्याने आपल्या इतिहासात ज्यूंचा कोठेही उल्लेख केला नाही. जोसेफसला तिथे सिद्ध करायचे आहे की, ग्रीक लेखकांचे मौन हा ज्यू लोक प्राचीन नसल्याचा पुरावा होऊ शकत नाही. त्या युक्तिवादाला हिरोनिमसचा अधिकार जितका मोठा तितके बरे. म्हणून ‘सीरियाचा राज्यपाल’ हे पद मी जोसेफसच्या नावावर सांगतो आणि डांबराच्या मोहिमेची नेमणूक निश्चित धरतो. दुसरीकडे, मौनाविषयीची त्याची माहिती फार मोलाची आहे, कारण हिरोनिमसचा ग्रंथ समोर असल्याशिवाय कोणी अशी तक्रार सहसा करत नाही.

डायोडोरसने याच ठिकाणी दिलेले नाबातियन अरबांचे वर्णन दुसऱ्या यादीत जाते, पण त्या यादीत फार वरच्या जागी. धान्य पेरायचे नाही, फळझाडे लावायची नाहीत, मद्य प्यायचे नाही आणि घरे बांधायची नाहीत, असा त्यांचा नियम असल्याचे आणि तो मोडणाऱ्याला मृत्युदंड असल्याचे तिथे सांगितले आहे. वरून अरुंद तोंडाची, आत रुंद होत जाणारी, गिलावा केलेली भूमिगत पाण्याची टाकी ते कशी लपवून ठेवत, याचेही वर्णन आहे. ज्याने तिथे दिवस काढले आणि या लोकांकडून मार खाल्ला, अशा माणसाकडून ही माहिती आली असावी, हे अनुमान मला जवळजवळ निश्चित वाटते.

पुढची वर्षे झपाट्याने सांगता येतात. इ.स.पू. ३०१ मध्ये इप्ससच्या रणांगणावर वृद्ध अँटिगोनस पडला तेव्हा हिरोनिमस त्याच्या बरोबर होता असे दिसते. राजाचे वय त्या वेळी ८१ होते ही नोंद त्याच्याच नावावर आली आहे. अँटिगोनसचा मुलगा डिमेट्रियस याने बिओशिया जिंकल्यावर, साधारण इ.स.पू. २९३ मध्ये, तिथला कारभार हिरोनिमसकडे सोपवला, असे ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो. त्यानंतरचे त्याचे दीर्घ वार्धक्य डिमेट्रियसचा मुलगा अँटिगोनस गोनाटस याच्या आश्रयाने गेले. एकाच घराण्याच्या तीन पिढ्या त्याने जवळून पाहिल्या. इतिहासग्रंथ त्याने बहुधा याच अखेरच्या टप्प्यात पूर्ण केला. तो अलेक्झांडरच्या मृत्यूपासून निदान इ.स.पू. २७२ पर्यंत, म्हणजे एपिरसचा राजा पिरस याच्या मृत्यूपर्यंत आला होता. हॅलिकार्नेससचा डायोनिशियस सांगतो की रोमच्या प्राचीन काळाविषयी ओझरते का होईना, पण लिहिणारा तो पहिला ग्रीक इतिहासकार.

आता वयाचा प्रश्न. १०४ वर्षांची माहिती दीर्घायुषी माणसांची यादी देणाऱ्या, ल्युशियनच्या नावावर चालत आलेल्या एका छोट्या कृतीत आहे. लढाया, कष्ट आणि अनेक जखमा सोसूनही तो इतके जगला आणि अखेरच्या दिवसापर्यंत त्याची सर्व इंद्रिये शाबूत होती, असे तिथे म्हटले आहे. अशा याद्यांना आश्चर्याची ओढ असते, त्यामुळे सावध राहणे योग्यच आहे. परंतु ही नोंद इ.स.पू. दुसऱ्या शतकातील अगाथार्किडीसच्या आशियाविषयक इतिहासाच्या नवव्या पुस्तकातून घेतल्याचे तिथे स्पष्ट सांगितले आहे आणि अगाथार्किडीस हिरोनिमसनंतर फार लांबचा नाही. म्हणून मी ती फेटाळत नाही, तर निश्चित सालांशी जुळवून पाहतो. तो इ.स.पू. २७२ नंतर जिवंत होता. समजा तो त्यानंतर लगेच वारला, तर नोराच्या वेढ्यात तो पंचावन्नच्या पुढे आणि गाबिएनेत साठीच्या आसपास ठरतो. अशक्य नाही, पण जड जाते. समजा तो इ.स.पू. २५० मध्ये वारला, तर जन्म ३५४ चा येतो, वकिली करताना तो पस्तिशीत, जखमी झाला तेव्हा अडतिशीत आणि बिओशियाचा कारभार घेताना साठीत होता, असे चित्र उभे राहते आणि ते प्रत्येक कामाला शोभते. म्हणून ‘जन्म इ.स.पू. ३६० ते ३५० च्या दरम्यान, मृत्यू त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी’ असे मी लिहीन. पुस्तकांत साले वेगळी दिसतात ती यामुळेच : प्रत्येक लेखक हीच वजाबाकी वेगळ्या टोकापासून करतो.

पक्षपाताच्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण तो कोणत्या राजाविषयी आणि कोणत्या प्रकारच्या विधानाविषयी, यावर ते अवलंबून आहे. आरोप इ.स. दुसऱ्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णनकार पौसानियस याचा आहे. तो म्हणतो की हिरोनिमस अँटिगोनस सोडून इतर राजांविषयी द्वेषाने लिहितो अशी त्याची ख्याती आहे, आणि राजाच्या सहवासात राहणाऱ्याचे लेखन त्याच्या बाजूला झुकणारच. एपिरसच्या राजांच्या कबरी उकरून थ्रेसचा राजा लायसिमॅकस याने हाडे विखुरली, ही हिरोनिमसची हकीकत तो खोटी ठरवतो आणि तिचे कारणही सुचवतो : लायसिमॅकसने कार्दिया उद्ध्वस्त करून त्या जागी लायसिमाकिया हे आपल्या नावाचे शहर वसवले होते. ते घडले इ.स.पू. ३०९ मध्ये. स्वतःचे गाव नकाशावरून पुसले गेलेल्या माणसाने ते पुसणाऱ्याविषयी समतोल लिहिले असेल, असे मी धरून चालत नाही. लायसिमॅकसविषयी पौसानियसचा संशय आपण जसाच्या तसा स्वीकारावा.

मात्र या एका प्रकरणावरून त्याचा सगळा इतिहास मोडीत काढणे चूक ठरेल, आणि हे सांगायला हातात पुरावा आहे. पिरस आणि रोमन यांच्या लढायांचे आकडे प्लुटार्कने निरनिराळ्या लेखकांचे शेजारी शेजारी दिले आहेत. हेराक्लियाच्या लढाईत डायोनिशियसच्या मते सुमारे पंधरा हजार रोमन पडले, हिरोनिमसच्या मते सात हजार. पिरसचे पहिल्याच्या मते तेरा हजार आणि दुसऱ्याच्या मते चार हजारांहून कमी. आस्कुलमच्या लढाईत रोमन बाजूचे सहा हजार आणि पिरसचे ३,५०५ लोक पडले, असे हिरोनिमस सांगतो आणि दुसरा आकडा पिरसच्या स्वतःच्या नोंदींतला असल्याचे नमूद करतो. पिरस हा गोनाटसचा शत्रू होता, तरी त्याच्या दप्तरातला आकडा तो वापरतो. स्पार्टाच्या बचावासाठी खणलेल्या खंदकाचे माप फिलार्कस या दुसऱ्या ग्रीक इतिहासकाराने मोठे दिले आहे. हिरोनिमसने त्याहून लहान दिले होते, हेही प्लुटार्कने टिपून ठेवले आहे. ज्या प्रत्येक ठिकाणी तुलना करता येते तिथे तो लहान आणि नेमक्या आकड्याकडे झुकतो. आकडे, अंतरे आणि सैन्याची मांडणी यांत त्याच्यावर विश्वास ठेवावा. राजांच्या स्वभावचित्रांत आणि कोणाच्या हेतूविषयी तो बोलतो तिथे, त्या वेळी तो कोणाच्या पदरी होता हे पाहून वाचावे, असे माझे मत आहे.

शेवटी सतीचा प्रसंग, जो मराठी वाचक सर्वांत लक्षपूर्वक वाचेल. डायोडोरसच्या एकोणिसाव्या पुस्तकात तो पारायटाकेनेच्या लढाईनंतर येतो. भारतातून आलेल्या तुकडीचा सेनानी, ज्याचे नाव ग्रीकांनी केटेअस असे नोंदवले आहे, लढताना पडला. त्याच्या दोन्ही पत्नी सैन्याबरोबर होत्या आणि दोघींनी सहगमनाचा हक्क सांगितला. धाकटीचे म्हणणे असे की थोरली गर्भवती आहे, म्हणून तिला हा हक्क नाही. थोरलीचे असे की वयाने मोठीचा मान आधी. सेनानींनी सुइणींकडून खात्री करून घेतली आणि निर्णय धाकटीच्या बाजूने दिला. थोरली केस तोडत आक्रोश करीत निघून गेली. धाकटीला विवाहाला निघाल्याप्रमाणे सजवण्यात आले, तिने अंगावरचे दागिने आप्तेष्टांत वाटले, भावाने हात देऊन तिला चितेवर चढवले, सैन्याने सशस्त्र तीन प्रदक्षिणा घातल्या आणि ती पतीशेजारी आडवी झाली. पाहणाऱ्यांपैकी काहींना दया आली, काहींनी तिची स्तुती केली आणि काही ग्रीकांनी ही चाल रानटी व क्रूर असल्याचे म्हटले, असे डायोडोरस लिहितो.

हे हिरोनिमसचे का मानावे? त्याचे नाव तिथे नाही. पण युमेनीसच्या छावणीत तो होता, नंतरच्या लढाईत तो याच सैन्यातून लढताना जखमी झाला. पारायटाकेनेच्या लढाईच्या वर्णनात युमेनीसचे ३५,००० पायदळ, ६,१०० घोडदळ आणि ११४ हत्ती, तर अँटिगोनसचे ६५ हत्ती अशा नेमक्या नोंदी आहेत. भारतातून युडेमस हा सेनानी पोरसला कपटाने मारून १२० हत्ती घेऊन या छावणीत आल्याचेही तिथे सांगितले आहे, म्हणजे सैन्यात भारतीय तुकडी असण्याला संदर्भ आहे. या सर्वांवरून प्रसंगाचे वर्णन प्रत्यक्षदर्शी आहे आणि ते हिरोनिमसकडून आले आहे, असे मी मानतो. मात्र त्याच प्रकरणात चालीचे कारण म्हणून जी कथा येते, की पूर्वी भारतीय स्त्रिया पतींना विष देत म्हणून हा कायदा झाला, ती मी त्याच्या नावावर टाकणार नाही. तीच कथा स्ट्रॅबोने अलेक्झांडरबरोबर आलेल्या ओनेसिक्रिटसच्या आधारे पंजाबातील कथई या लोकांविषयी दिली आहे आणि डायोडोरसनेही सतराव्या पुस्तकात अलेक्झांडरच्या मोहिमेच्या संदर्भात ती आधीच वापरली आहे. अलेक्झांडरबरोबर आलेल्या ग्रीकांमध्ये फिरणारी ही समजूत होती. चितेचे वर्णन आणि विषाची कथा यांना आपल्या लेखात दोन वेगळे परिच्छेद द्या, आणि पहिल्यात ‘बहुधा हिरोनिमसच्या आधारे’ एवढे शब्द ठेवा. केटेअसचे मूळ भारतीय नाव कोणते असेल, याच्या अटकळी वाचायला मिळतील. त्या लेखात घेऊ नका, कारण त्यांना ध्वनिसाम्याखेरीज आधार नाही.

वाचनाचा क्रम विचाराल तर प्लुटार्कची युमेनीस, डिमेट्रियस आणि पिरस ही तीन चरित्रे आधी वाचा, कारण ती सलग आणि सोपी आहेत. त्यानंतर डायोडोरसचे अठरावे आणि एकोणिसावे पुस्तक घ्या. पौसानियसच्या पहिल्या पुस्तकातील लायसिमॅकस आणि पिरस यांच्याविषयीची प्रकरणे शेवटी वाचा. ती आधी वाचली तर आरोप मनात घर करून बसतो आणि ज्याच्यावर तो केला आहे त्याच्याशी ओळख मात्र झालेली नसते. हॅलिकार्नेससच्या डायोनिशियसने हिरोनिमसला ज्यांचा ग्रंथ शेवटपर्यंत वाचवत नाही अशा लेखकांत बसवले आहे, तेही लेखात अवश्य घ्या. शैलीला सर्वस्व मानणाऱ्या पुढच्या पिढ्यांनी त्याच्या नकला करणे का थांबवले असावे, याचे सर्वांत समाधानकारक उत्तर मला त्या शेऱ्यात सापडते.